कोणाकोणाला माहीत आहे?

कल्पिता घरत जेवणाआधीचं इंजेक्शन कॉलेजच्या मागच्या जिन्याखाली घ्यायची. तिथं मोडके बाक एकावर एक रचून ठेवलेले होते आणि त्यांच्यामागे एका माणसाला उभं राहण्यापुरती जागा होती. कुडत्याची कड वर करून ती पोटावर सुई टेकवायची, औषध आत जाईपर्यंत श्वास धरायची, मग इंजेक्शनच्या पेनाला टोपण लावून ते कंपासपेटीत ठेवायची आणि मैत्रिणींच्या घोळक्यात येऊन डबा उघडायची. रोज कुठं जातेस, असं कोणी विचारलं तर म्हणायची, "आईचा फोन होता." कल्पिताची आई फार काळजी करणारी आहे, असा मैत्रिणींचा समज झाला होता. तो काही खोटा नव्हता.

उरण तालुक्यात खाडीच्या काठी तिचं गाव. आजोबांच्या वेळी तिथं मिठागरं होती, आता कंटेनरची यार्डं आहेत. वडील जीवन घरत न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतात. कल्पिता पाचवीतून सहावीत गेली त्या उन्हाळ्यात ती सारखी पाणी पिऊ लागली. माठ रिकामा व्हायचा. अंगावरचं मांस उतरलं, फ्रॉक खांद्यावरून घसरू लागले. आत्या म्हणाल्या, पोर उंच होते आहे. मग एके दिवशी ती शाळेतच कोसळली. पनवेलच्या दवाखान्यानं मुंबईला पाठवलं, आणि तिथं मुलांच्या मोठ्या रुग्णालयात डॉक्टरांनी आईवडिलांना समोर बसवून सांगितलं की हिच्या शरीरात इन्सुलिन तयार होणं थांबलं आहे. गोड खाल्ल्यानं हे झालेलं नाही, कोणाच्या चुकीनंही नाही. पण आता रोज, जन्मभर, सुई घ्यावी लागेल.

परतताना गाडीत आई, कमळ, तिच्या शेजारी बसली होती. खाडीचा पूल आल्यावर ती म्हणाली, "कोनाला सांगू नको, बाय. पोरीची जात हाय. उद्या कोन करील तुला?"

गावाला सांगितलं, पोरीला अशक्तपणा आहे. इन्सुलिन फ्रिजमध्ये तुपाच्या जुन्या डब्यात राहू लागलं. कोणाच्या घरी हळद असली की कल्पिताला ताटावर बसून खाल्ल्यासारखं करावं लागे, नाहीतर खाऊन मग घाईनं घरी यावं लागे. एकदा चुलतबहिणीच्या हळदीला तिची साखर एकदम उतरली. हातपाय थरथरायला लागले, घामानं नवे कपडे भिजले. आईनं तिला ओढत घराच्या मागं नेलं आणि मुठीत लपवून आणलेली साखर तिच्या तोंडात कोंबली. मांडवातून ढोल ऐकू येत होते. जरा सावरल्यावर आईनं तिचे केस नीट केले आणि पुन्हा बायकांत नेऊन बसवलं. दोघी त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत. घरात हा विषयच निघत नसे. साखर मोजायच्या यंत्राची बारीक टीटी ऐकू आली की वडील टीव्हीचा आवाज वाढवायचे.

अठरा पूर्ण झाल्यावर मुलांच्या रुग्णालयानं सांगितलं, आता तू मोठी झालीस, यापुढं मोठ्यांच्या विभागात जायचं. एका दुसऱ्या रुग्णालयाची चिठ्ठी दिली. कल्पिता एकटीच गेली. रांगेत सगळे साठीच्या पुढचे. खिडकीवरच्या माणसानं कागद बघून विचारलं, "पेशंट कुठंय? आजी आल्यात का?"

"मीच आहे," ती म्हणाली.

पुढच्या दोघातिघांनी वळून पाहिलं. त्यात शेजारच्या गावची एक बाई होती. ती ओळखीचं हसली आणि म्हणाली, "जीवनची पोरगी ना तू? तुला काय झाला?"

"मना न्हाय. मामीचे कागद न्यायला आले," कल्पिता म्हणाली, आणि कागद परत घेऊन बाहेर पडली. त्यानंतर ती कुठल्याच रुग्णालयात गेली नाही. पनवेलला एक औषधाचं दुकान तिनं हेरून ठेवलं होतं, तिथं कोणी ओळखीचं नव्हतं. तिथून ती इन्सुलिन आणायची आणि किती घ्यायचं ते स्वतःच ठरवायची. कधी बरोबर ठरायचं, कधी चुकायचं. अशी दोन वर्षं गेली.

मग तिला डॉक्टर प्राप्ती नावाच्या बाईंचा फोन आला. मुंबईच्या एका संशोधन संस्थेत त्या काम करायच्या. मुलांच्या रुग्णालयातून मोठ्यांच्या रुग्णालयात जायच्या वेळी बरीच तरुण मुलं मधेच हरवतात, कुठंच जात नाहीत, आणि काही वर्षांनी डोळे किंवा किडनी बिघडल्यावरच परत येतात. ती मुलं कुठं जातात, का जातात, याचा अभ्यास रायगड जिल्ह्यात करायचा होता. मुलांच्या रुग्णालयानं जुन्या पेशंटांना फोन करून विचारलं होतं, तुमचा नंबर देऊ का. कल्पितानं तेव्हा हो म्हटलं होतं आणि नंतर विसरून गेली होती.

त्या पनवेलला एका चहाच्या हॉटेलात भेटल्या. डॉक्टर प्राप्ती चाळिशीच्या, आवाज हळू. त्यांनी साखर किती असते वगैरे काही विचारलं नाही.

"मला तुम्ही पेशंट म्हणून नको आहात," त्या म्हणाल्या. "कामाला या. प्रश्न आम्ही बसून ठरवले तर आम्हाला ठाऊक असलेलीच उत्तरं मिळतील. प्रश्न तुम्ही मुलांनी ठरवायचे, मुलाखती तुम्ही घ्यायच्या. त्यातून काय दिसतं तेही एकत्र बसून बघू. गटाचं प्रमुखही तुमच्यातलंच कोणीतरी असेल."

कल्पितानं एवढंच विचारलं, "घरी कळेल का?"

"तुम्ही सांगितलंत तर."

घरी तिनं सांगितलं, पनवेलला कॉम्प्युटरचा कोर्स लावला आहे.

पहिल्या दिवशी एका शाळेच्या वर्गात सहासात जण जमले. सगळे विशीच्या आसपासचे. त्यात विनेश होता, तो कंटेनर यार्डात सील तपासायचं काम करायचा. आणि ऋतिका होती, रेवसच्या पुढच्या एका कोळीवाड्यातली. जेवायची वेळ झाली तेव्हा ऋतिका सुरमईच्या भावाबद्दल काहीतरी सांगत होती. सांगता सांगताच तिनं पिशवीतून पेन काढलं, कुडता वर केला, सुई टोचली, आणि बोलणं न थांबवता पेन परत पिशवीत टाकलं. कल्पिता बघतच राहिली.

"काय बघतेस?" ऋतिका म्हणाली. "तू न्हाय घेत?"

कल्पितानं पेन काढलं आणि दाराकडं पाहिलं.

"इथंच घे की. इथं कोन परका हाय?"

आईसोडून दुसऱ्या कोणासमोर तिनं सुई घेतली ती पहिल्यांदा. आपल्याला आता रडू येणार असं तिला वाटलं. रडू आलं नाही, भूक मात्र सपाटून लागली.

ऋतिका आणि ती लवकरच जवळच्या झाल्या. कल्पिता कारंज्याहून लाँचनं रेवसला उतरायची, ऋतिका धक्क्यावर न्यायला यायची. ती गटात इतकी मोकळी, पण तिच्या घरीही फक्त आईला, चंद्राबाईंना, माहीत होतं. चंद्राबाई मासे विकायच्या. वाड्यात कोणाच्या चुलीवर काय शिजतंय तेही सगळ्यांना कळतं, पण हे त्यांनी कळू दिलं नव्हतं. ऋतिकाचा साखरपुडा ठरला होता. मुलगा ओंकार, अलिबागला जेट्टीवर नोकरीला. "त्याला सांगनार हाय मी," ती म्हणायची. "कसा सांगायचा त्येचा विचार करते." धक्क्याच्या कठड्यावर बसून दोघी त्यावर खूप बोलायच्या. कल्पिताला आठवतं तेव्हापासून तिला अशी मैत्रीण नव्हती. म्हणजे मैत्रिणी होत्या, पण त्या जिच्या मैत्रिणी होत्या ती मुलगी थोडी वेगळी होती, तिला कुठलाच आजार नव्हता.

मुलाखतींचे प्रश्न ठरवायला गट बसला तेव्हा फळ्यावर आधीच बरेच प्रश्न होते. इन्सुलिन किती वेळा चुकतं, रुग्णालय किती लांब आहे, औषध परवडतं का. कल्पिता बराच वेळ वाचत राहिली आणि म्हणाली, "एक घालू का? तुमचा आजार कोणाकोणाला माहीत आहे?"

विनेशनं मान खाली घातली. डॉक्टर प्राप्तींनी प्रश्न फळ्यावर लिहिला, पण लगेच म्हणाल्या, "हा प्रश्न टोचणारा आहे. समोरचा मुलगा नावं घ्यायला लागला आणि एकच नाव निघालं, तर तू पुढं काय करशील?"

कल्पिताला ते सुचलं नव्हतं. तिनं विचार करायला वेळ मागितला. पुढच्या बैठकीला तिनं एक तोडगा आणला, तो गटानं अर्धा मोडून पुन्हा जोडला. ठरलं असं, की हा प्रश्न शेवटी विचारायचा, उत्तर द्यायलाच हवं असं नाही हे आधी सांगायचं, आणि त्यानंतर लगेच उठून जायचं नाही, समोरच्याला हवं तितका वेळ बसायचं. संस्थेच्या नैतिकता समितीनं या अटींवर प्रश्न मान्य केला. त्याच दिवशी गटानं कल्पिताला प्रमुख केलं. ऋतिकानं तिच्या पाठीत धपाटा घातला आणि म्हणाली, "घ्या, म्याडम."

मुलाखती सुरू झाल्या. एसटीनं, रिक्षानं, लाँचनं कल्पिता जिल्हाभर फिरली. पालीला देवळाजवळ हार विकणारा एक मुलगा होता. तो इन्सुलिन फुलांच्या बर्फपेटीत, झेंडूच्या खाली ठेवायचा. अलिबागजवळ मुंबईकरांच्या एका बंगल्याची राखण करणाऱ्या जोडप्याची मुलगी होती. मालक नसले की तिचं औषध बंगल्याच्या फ्रिजमध्ये असे, मालक आले की ओल्या फडक्यात. विनेशनं स्वतःचीही मुलाखत दिली. म्हणाला, "यार्डात सुपरवायझरला कळलं तर डायरेक्ट बाहेर. म्हणून दुपारचं इंजेक्शन मी घेतच नाही. तुला सांगतोय, कारण तू लिहून घेणार आणि विसरणार."

पण ती विसरत नव्हती. शेवटचा प्रश्न विचारला की मुलं बोटं मोजायला लागायची आणि बऱ्याच जणांचं दुसरं बोट उघडायचंच नाही. एक मुलगी म्हणाली, "आईला माहीत आहे. आणि आता तुला." मग ती कल्पिताच्या शेजारी तासभर काही न बोलता बसून राहिली.

हे सगळं कोणालाही सांगायचं नाही, असा नियम होता. गटातल्या गटातसुद्धा नावं घ्यायची नाहीत. कल्पिताला हे आधी साधं वाटलं होतं, कारण लपवायची तिला सवय होती. पण पूर्वी तिला स्वतःचं एकच गुपित सांभाळायचं होतं. आता इतक्या जणांची तिच्या एकटीपाशी जमली. लाँचमध्ये बायका शेजारी बसून विचारायच्या, कुठं गेली होतीस बाय, आणि ती म्हणायची, कोर्सला. घरी आल्यावर आई ताट वाढायची, ती जेवायची. काही दिवस असे यायचे, की दिवसभरात तिनं स्वतःचं असं एकही वाक्य उच्चारलेलं नसायचं.

त्यातूनच तिच्या मनात ती कल्पना आली. मुलाखती संपत आल्या होत्या. ती बैठकीत म्हणाली, "आपण सगळ्यांना एकदा एकत्र बोलावू. अलिबागला. ही सगळी मुलं समजतात की जिल्ह्यात आपण एकटेच आहोत. एकमेकांना बघू दे."

डॉक्टर प्राप्ती म्हणाल्या, "अलिबाग लहान आहे, कल्पिता. कोर्ट तिथं, कचेऱ्या तिथं. जिल्ह्यातला प्रत्येक माणूस कधी ना कधी तिथं येतो. पनवेलला घेऊ. किंवा फोनवर."

"फोनवर बघितल्यासारखं होत नाही. आणि लपून किती दिवस काढायचे?"

"ते ज्यानं त्यानं ठरवायचं असतं."

"यायचं की नाही ते ज्याचं तोच ठरवेल ना."

गटाचं मत घेतलं. ऋतिकानंच सगळ्यात आधी हात वर केला. डॉक्टर प्राप्ती म्हणाल्या, प्रमुख तू आहेस, निर्णय तुमचा, मी बरोबर आहे. सभागृह कल्पितानं ठरवलं, जेवण ठरवलं. बॅनरचा नमुना छापणाऱ्यानं फोनवर पाठवला तेव्हा ती एसटीत उभी होती. त्यावर 'मधुमेह असलेल्या तरुण-तरुणींचा मेळावा' असं ठळक अक्षरांत होतं. तिनं शुद्धलेखन तपासलं आणि होकार कळवला. तो बॅनर आत लागेल, असं तिनं धरून चाललं होतं. सगळे आत जमल्यावर सभागृहाच्या माणसानं तो रस्त्यावरच्या फाटकाला बांधला.

मेळावा छान झाला. पालीचा मुलगा सगळ्यांसाठी मोगऱ्याचे गजरे घेऊन आला. जेवणाआधी सगळ्यांनी एकदमच सुया काढल्या आणि आधी एकजण, मग सगळेच हसायला लागले. कल्पिता त्या हसण्यात होती. चहाच्या वेळी ऋतिका दोघीतिघींना घेऊन फाटकापाशी फोटो काढायला गेली. समोरच्या कचेरीत ओंकारची आत्या जमिनीच्या कामाला आली होती. तिनं रस्ता ओलांडून ऋतिकाला हाक मारली, मग वर बॅनरकडं पाहिलं.

त्याच आठवड्यात साखरपुडा मोडला. ओंकारच्या घरच्यांनी निरोप पाठवला, आजार लपवून पोरगी गळ्यात मारत होतात. कल्पिताला कळलं ते चंद्राबाईंच्या फोनवरून. त्या ओरडल्या नाहीत.

"तुमी शिकलेली पोरा," त्या म्हणाल्या. "तुमाला एवढा कसा न्हाय सुचला?"

ऋतिकानं फोन उचलला नाही. नंतर तिचा नंबर लागेनासा झाला.

कल्पिता बैठकांना जायची थांबली. घरात पडून राहू लागली. साखर वर गेली, ओकाऱ्या सुरू झाल्या, आणि तरी ती आईला म्हणत होती, काही नाही, उन्हानं. शेवटी दोनचार दिवस फोन न लागल्यानं डॉक्टर प्राप्ती पत्ता शोधत गावात आल्या. दारात अनोळखी बाई बघून कमळनं विचारलं, "कोन पायजे?"

डॉक्टर प्राप्तींनी फक्त नाव सांगितलं आणि कल्पितासाठी थांबल्या. काय सांगायचं ते त्यांनी तिच्यावर सोडलं होतं. कल्पिता भिंतीला धरून बाहेर आली, खुर्चीवर बसली आणि आईला सगळं सांगितलं. कोर्स नव्हता, हे काम होतं. कितीतरी पोरं आहेत माझ्यासारखी. त्यातल्या एकीचं लग्न माझ्यामुळं मोडलं.

कमळ ऐकत उभी होती. "बघितलास?" ती म्हणाली. "ह्येच्यासाठीच सांगत होते मी. ह्येच्यासाठीच." आणि ती स्वयंपाकघरात गेली. पण थोड्या वेळानं ती तुपाचा डबा घेऊन बाहेर आली आणि पाहुणीच्या देखत तो कल्पिताच्या मांडीवर ठेवला. "आधी सुई घे," म्हणाली.

डॉक्टरांनी साखर तपासली आणि तिला पनवेलला रुग्णालयात नेलं. दोन दिवसांनी ती बरी झाल्यावर त्या तिच्या खाटेजवळ बसल्या. म्हणाल्या, "जे झालं ते समितीला कळवावं लागेल. मी लिहिते आहे, जबाबदारी माझी म्हणून. मी तुला थांबवायला हवं होतं, किंवा फाटकावर माणूस तरी ठेवायला हवा होता."

"मॅडम, तुम्ही सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही."

"दोघींचं लिहू. आणखी एक आहे. ऋतिकाची मुलाखत आपल्याकडे आहे. ती ठेवायची की काढून टाकायची, हे तिला विचारायला हवं. मी जाऊ शकते."

"नको," कल्पिता म्हणाली. "मी आधी तिच्या आईला विचारते, येऊ का म्हणून."

चंद्राबाईंनी दोन वेळा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणाल्या, ये, पण घरात नको.

ऋतिका किनाऱ्यावर होती. बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत घातले होते आणि ती एकेक जोडी उलटत होती. कल्पिता जवळ जाऊन उभी राहिली. वाऱ्यानं दोघींचे केस उडत होते. ऋतिकानं वळून पाहिलं नाही.

"मी माफी मागायला आले," कल्पिता म्हणाली.

"माग."

"माझं चुकलं. बॅनर मी बघितला होता. कुठं लागणार ते विचारलं नाही. अलिबाग नको असं मॅडम म्हणाल्या होत्या, मी हट्ट केला."

ऋतिका काम करत राहिली. मग म्हणाली, "तुला वाटतंय, लग्न मोडला म्हनून मी रागावलेय."

कल्पितानं तोंडावर आलेले केस मागं सारले.

"लग्न मोडला तं मोडला. कदाचित मी सांगितल्यावर पन मोडला असता. पन मी सांगनार होते, कल्पी. त्याला मांडव्याला न्यायचा, रोरो बोटीत बसायचा, मधे समुद्रात सांगायचा, म्हंजे उठून जाता येनार न्हाय, असा ठरवला होता मी. कसा बोलायचा ते पन ठरवला होता. तुलाच तर सांगितला होता सगला." तिनं हातातली जोडी मांडवावर तशीच टाकली. "तो सांगायचा दिवस माजा होता. तो गेला. आता त्याला सांगायला माज्याकडं काय न्हाय."

वाळत्या माशांवर माश्या बसत होत्या आणि उडत होत्या. मग कल्पितानं मुलाखतीचं विचारलं. तुझं बोलणं काढून टाकायचं असेल तर काढू, त्याचा कुठंही उल्लेख राहणार नाही. आणि जे झालं तेही अहवालात लिहायचं आहे, नाव न घालता, पुन्हा कोणी असं करू नये म्हणून. पण तू नको म्हणालीस तर लिहिणार नाही.

ऋतिकानं हात ओढणीला पुसले. "ठेव माजा बोलना. खरा बोलले होते मी. आनि झाला ते पन लिव. नीट लिव." मग ती पुन्हा मांडवाकडं वळली. "पन तू आता येऊ नको. माजा राग हाय म्हनून न्हाय. तुला बघितला का मला फाटक दिसतं."

कल्पिता परतीच्या लाँचमध्ये बसली तेव्हा ओहोटी लागली होती. लाँच सुटेपर्यंत तिनं धक्क्याकडं पाहिलं नाही.

अहवाल तयार व्हायला वर्ष गेलं. अलिबागच्या एका सभागृहात तो मांडला तेव्हा जिल्ह्याचे आरोग्य अधिकारी, काही डॉक्टर, आशा कार्यकर्त्या आणि मागं दोन पत्रकार बसले होते. फाटकावर बॅनर नव्हता. बोलायचं काम गटानं वाटून घेतलं होतं. विनेशनं आकडे सांगितले. बहुतेक मुलांचा आजार घरातल्या एकदोघांनाच माहीत होता, आणि ज्यांचा जितका लपलेला, त्यांचं औषध तितकं जास्त चुकत होतं. रुग्णालयाचं अंतर त्या मानानं मागं पडलं. मग कल्पिता उठली. मेळाव्याचं पान तिनं वाचलं. काय ठरवलं, कोणी सावध केलं होतं, कोणी ऐकलं नाही, त्यातून एका तरुणीचं काय गेलं. 'आजार सांगायचा की नाही, कधी आणि कोणाला, हा त्या व्यक्तीचा हक्क आहे. आम्ही तो आमच्या घाईनं हिरावला,' हे वाक्य वाचून ती थांबली. तिनं पाणी प्यायलं आणि पुढचं वाचलं.

एका डॉक्टरांनी नंतर विचारलं, मग सांगावं की लपवावं, तुमचं मत काय? कल्पिता म्हणाली, "मला अजून माहीत नाही, सर."

त्या अहवालातून एक गोष्ट खरोखर झाली. अलिबागच्या एका रुग्णालयानं शनिवारी दुपारी, इतर विभाग बंद झाल्यावर, तरुण मुलांसाठी वेगळी वेळ ठेवली. दारावर पाटी नाही, नावानं हाक नाही. डॉक्टर असतात आणि त्यांच्याआधी गटातलं कोणीतरी एक भेटतं. पेन कसं धरायचं इथपासून कामाच्या ठिकाणी काय सांगायचं इथपर्यंत त्यांच्याशी बोलता येतं. विनेशनं सुपरवायझरला सांगून टाकलं. नोकरी गेली नाही, पण रात्रपाळी बंद झाली आणि सोबतचे त्याच्या डब्यातलं घ्यायचे थांबले. हा आजार लागत नाही असं त्यानं दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं नाही.

कल्पिता आता त्याच संस्थेत नोकरीला आहे. घरी ती जेवायला बसल्यावर सगळ्यांसमोर सुई घेते. पहिल्यांदा घेतली त्या दिवशी दोन आत्या आल्या होत्या. त्यांनी पाहिलं आणि गावाला कळलं. तिच्यासाठी स्थळं येत होती, ती यायची थांबली. कमळ त्याबद्दल काही म्हणत नाही. फक्त कोणाच्या लग्नाहून आली की त्या संध्याकाळी ती गप्प असते. वडील मात्र एकदा ट्रेलर धुता धुता म्हणाले, "आमच्या लायनीतल्या एका ड्रायव्हरचा पोरगा हाय. सारखा पानी पितो म्हनतात. तू बघशील का?" पाण्याचा पाइप त्यांनी जमिनीकडं धरला होता. कल्पिता म्हणाली, बघते. त्या पोराला वेळेत रुग्णालयात नेलं.

शनिवारी काम संपलं की मुलं आपापल्या वाटेनं पांगतात. रस्त्यात भेटली तर ती ओळख दाखवत नाहीत, कल्पिताही दाखवत नाही. बाजारात, लाँचवर, एसटी स्टँडवर किती चेहरे तिच्या ओळखीचे असतात आणि ती त्यांच्याजवळून सरळ पुढं जाते. हा नियम तिनंच घातलेला आहे. तिच्याबरोबर चालणाऱ्या माणसाला वाटेल, या मुलीला इथं कोणी ओळखत नाही.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी, शनिवारी कोणी बसायचं त्याच्या पाळ्या लावताना विनेश तिला म्हणाला, "महिन्यातला तिसरा शनिवार तू सुट्टी घेत जा. मी बसतो."

तिनं त्याच्याकडं पाहिलं. तिला किनाऱ्यावरचे बोंबलाचे मांडव आठवले. कोण आलं होतं, हे त्यानं सांगायचं नव्हतं आणि तिनं विचारायचं नव्हतं. विनेश कागदावर रेघा ओढत होता.

"बरी आहे ना?" तिच्या तोंडून निघून गेलं.

विनेशनं मान वर केली नाही. "तिसरा," तो म्हणाला, "लिहू ना?"

"लिही."

तेव्हापासून तिसऱ्या शनिवारी कल्पिता अलिबागला जात नाही. सकाळी आईबरोबर बाजार करून येते, दुपारी कपड्यांच्या घड्या घालते. चारच्या सुमाराला तिकडचं काम सुरू होतं. त्या वेळी ती ओट्यावर येऊन बसते. समोर यार्डाच्या भिंतीमागं कंटेनर एकावर एक चढत असतात, त्यांचा धातूचा आवाज येत राहतो. साडेपाच वाजून गेले की ती उठते आणि चहा ठेवते.